मांजरालाही शुगर होते! मग दूध-पोळीचं काय? आणि इन्सुलिनच्या लाल-केशरी टोपणाची भानगड काय आहे?

'घरात शुगर कोणाला आहे?' असं बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गल्लीत विचारा, प्रत्येक घरातून एखादा तरी हात वर होईल. आजीची गोळी, बाबांचं इन्सुलिन, फ्रीजच्या दारात ठेवलेली बाटली, यात आता कोणालाच नवल वाटत नाही. पण त्याच घरातला बोका दिवसभर पाण्याच्या भांड्याला तोंड लावून बसला, तर 'ऊन किती आहे' म्हणून विषय संपतो. तो खा-खा खातोय आणि तरी वाळत चाललाय, हे लक्षात यायला महिना-दोन महिने जातात.

मांजरांना मधुमेह होतो. अगदी माणसासारखा होतो. आणि वेळेत पकडला, खाणं बदललं, इन्सुलिन नीट दिलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण बंदही होतं. उशीर झाला तर मात्र मांजर काही दिवसांत दगावू शकतं.

हा आजार नेमका काय आहे, मांजराला काय खायला द्यायचं आणि खामगाव, मेहकर किंवा चिखलीसारख्या गावात राहून हे सगळं कसं जमवायचं, ते समजून घेऊ.

ओळखायचं कसं?

चार गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका. मांजर नेहमीपेक्षा खूप पाणी पितंय, खूप लघवी करतंय, भूक वाढलीये आणि वजन घटतंय. मांजर बाहेर लघवीला जात असेल तर दुसरी खूण कळणं अवघड असतं. पण अंगणात किंवा घराच्या कोपऱ्यात मांजराने लघवी केली आणि तिथे मुंग्या लागल्या, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. लघवीत साखर उतरल्याची ही जुनी खूण आहे. आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी माणसांच्या बाबतीत ती नोंदवून ठेवली आहे, आणि 'मधुमेह' हा शब्दही त्यातूनच आला.

आणखी एक खूण फक्त नीट बघणाऱ्यालाच दिसते. मांजर एरवी मागच्या पायांच्या बोटांवर चालतं. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो आणि ते टाचा टेकवून, फतकल मारल्यासारखं चालायला लागतं. पूर्वी ओट्यावर एका उडीत चढणारं मांजर आता खालीच बसून ओरडतंय, तर 'म्हातारं झालं' म्हणण्याआधी एकदा शुगर तपासा.

धोका कोणाला जास्त? सात वर्षांच्या पुढची, लठ्ठ, घरातच बसून असणारी मांजरं, आणि त्यातही नसबंदी केलेले बोके. खाज किंवा दम्यासाठी वारंवार स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली असतील तर तेही कारण असू शकतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत साधारण दर दोनशे मांजरांमागे एकाला मधुमेह आढळला होता.

मात्र जास्त पाणी आणि घटतं वजन ही लक्षणं मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉईडच्या आजारातही दिसतात. त्यामुळे तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नका.

एका आकड्यावर विश्वास का ठेवू नये?

निरोगी मांजराची रक्तातली साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ती अंदाजे २५० ते २९० च्या वर गेली की मूत्रपिंडं साखर अडवू शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते.

पण मांजर घाबरलं तरी त्याची साखर उसळते, आणि ही उसळी ३०० च्याही पुढे जाऊ शकते. आता विचार करा, भाजीच्या पिशवीत घालून, दुचाकीवर किंवा एसटीत बसवून, कुत्री भुंकत असलेल्या दवाखान्यात नेलेलं मांजर शांत कसं असेल? म्हणून डॉक्टर रक्ताच्या एका आकड्यावर थांबत नाहीत. लघवीतली साखर आणि कीटोन पाहतात, आणि शक्य असेल तिथे फ्रुक्टोसामीन ही तपासणी करायला सांगतात. माणसांत एचबीएवनसी जसं तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तसं फ्रुक्टोसामीन मागच्या एक-दोन आठवड्यांची सांगतं. त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

लघवी घरून नेता येते. मांजर ट्रेमध्ये जात असेल तर त्यातली माती काढून धुतलेली, कोरडी बारीक खडी टाका. ती लघवी शोषत नाही, त्यामुळे सिरिंजने ओढून घेता येते.

खाणं: इथेच खरी गोम आहे

बुलढाणा जिल्ह्यातलं आजवरचं सगळ्यात प्रसिद्ध 'मांजर' आठवा. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 'वॉकर' या नावाने तो जगभर गाजला. वाटेत शेकडो गावांची शेतं लागली, पण त्याने पोट भरलं ते शिकारीवरच.

घरातलं मांजर याच कुळातलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाळीव मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांचा गोड चव ओळखणारा जनुक निकामी असल्याचं दिसलं. म्हणजे मांजराला गोड लागतच नाही. (बासुंदीच्या पातेल्यात ते तोंड घालतं, ते साईसाठी.) त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर नसतं, आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर झटपट उचलणारी यकृतातली यंत्रणाही माणसाच्या मानाने दुबळी असते. मोकाट मांजरं स्वतः शिकार करून जे खातात, त्यातली जेमतेम २ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. बाकी सगळी प्रथिनं आणि चरबी.

आता आपण काय देतो ते बघा. दूध-पोळी. दूध-भाकर. कधी वरण-भात. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. दिवसात तीन वाट्या मिळून ३०० मिली दूध दिलं, तर त्यातून १४ ग्रॅमच्या आसपास दुधातली साखर पोटात जाते. वर एक मध्यम पोळी कुस्करली की आणखी तेवढीच कर्बोदकं. माणसाला हे किरकोळ वाटतं, पण चार किलोच्या मांसाहारी प्राण्यासाठी हा डोंगर आहे. तरुण, उंदीर मारणाऱ्या, दिवसभर हिंडणाऱ्या मांजराला हे खपून जातं. आठ वर्षांच्या, सोफ्यावर झोपणाऱ्या बोक्याला खपत नाही.

'आम्ही दूध-पोळी देतच नाही, कॅट फूड देतो,' असं म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. कोरड्या दाण्यांच्या खाद्यात कर्बोदकं भरपूर असतात, कारण पिष्टाशिवाय ते दाणे तयारच होत नाहीत. पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुतेक वेळा नसतो. तो स्वतः काढायचा. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा करा.

समजा कोरड्या खाद्यावर प्रथिनं ३२, चरबी १०, तंतू ४.५, ओलावा १० आणि राख ८ असं लिहिलंय. बेरीज ६४.५, म्हणजे उरलेली ३५.५ टक्के कर्बोदकं. ओल्या पाऊचवर प्रथिनं ९, चरबी ३, तंतू १, ओलावा ८३ आणि राख २ असेल, तर कर्बोदकं २ टक्के. पण ही तुलना अशी थेट करता येत नाही, कारण पाऊचमध्ये बहुतेक पाणीच आहे. एकूण ऊर्जेतला वाटा काढला तर पहिल्यात साधारण ३९ टक्के आणि दुसऱ्यात ११ टक्के येतो. मधुमेही मांजरासाठी हा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा, असा पशुवैद्यकांचा साधारण कल असतो. पाकिटावर राख दिलेली नसेल तर कोरड्यात ७-८ आणि ओल्यात २ धरून चाला. मात्र ओलं आहे म्हणजे चांगलंच, असं समजू नका. दाट रस्सा असलेल्या काही पाऊचमध्ये तो दाटपणा पिठाचाच असतो.

माळकरी घरातल्या मांजराचं काय?

शेगाव आणि आसपासच्या परिसरात हा प्रश्न खराखुरा आहे. घरात अंडंही शिजत नाही, आणि डॉक्टर म्हणतात मांसाहार द्या. पनीर, सोयाबीन, डाळीचं पाणी यांवर भागवायचा मोह होतो. ते करू नका. मांजराला टॉरिन हा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर मांजराचं हृदय कमकुवत होतं आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. अ जीवनसत्त्वही मांजर गाजर-पालकातून तयार करू शकत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पाऊच किंवा डबा, मांजराचं वेगळं ताट आणि ओसरीवर किंवा गच्चीवर वेगळी जागा, हा मधला मार्ग आहे. बऱ्याच घरांत तो चालूनही जातो.

मांसाहारी घरांची अडचण वेगळी. ताटातला रस्सा मांजराला घालू नका. वऱ्हाडी तर्रीत कांदा आणि लसूण भरपूर, आणि हे दोन्ही मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा मासा चालतो, पण रोज फक्त तेवढंच दिलं तर कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडतात. 'जंगलात कच्चंच खातात ना?' म्हणून कच्चं चिकनही देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. हा विषाणू मांजरकुळाला सोडत नाही.

आणि उपास तर अजिबात नको. शुगर वाढली म्हणून मांजराचं खाणं तोडलं, तर काही दिवसांतच शरीरातली चरबी यकृतात साठते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वात जास्त. वजन उतरवायचं, पण आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून जास्त नाही. पाणी तर कधीच तोडायचं नाही.

इन्सुलिन: लाल टोपण की केशरी?

कुत्र्यांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा माणसातल्या टाईप १ सारखा असतो. मांजराचा टाईप २ सारखा. म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंड हळूहळू थकतं. असं असूनही मांजराचा मुख्य उपचार इन्सुलिनच आहे, कारण लवकर इन्सुलिन दिलं तर त्या थकलेल्या स्वादुपिंडाला विश्रांती मिळते. माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळणारं ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन मांजरांनाही चांगलं लागू पडतं. मानेच्या मागची किंवा कुशीवरची कातडी चिमटीत धरून, बारा-बारा तासांनी, दिवसातून दोनदा. सुई इतकी बारीक असते की खात असलेल्या मांजराला बहुधा कळतही नाही.

डोस डॉक्टरांनी ठरवायचा. सुरुवात साधारण एका युनिटच्या आसपास होते, आणि म्हणूनच पुढची गोष्ट जिवावरची आहे.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, किंवा १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. ग्लार्जिन बहुधा १०० चं असतं. आता आजोबांसाठी आणलेली लाल टोपणाची सिरिंज घेऊन तिच्यात ग्लार्जिन एकच्या खुणेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. ऐंशी किलोच्या माणसाला दीड युनिट इकडे-तिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. चार किलोच्या मांजराचा त्यात जीव जाऊ शकतो. उलट चूक झाली, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये भरलं, तर एकाऐवजी ०.४ युनिटच जातं आणि 'औषध लागूच पडत नाही' असं वाटत राहतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक नवीन खरेदीला वाचायचं. मेडिकलवाल्याने 'हीच चालते' म्हटलं तरी वाचायचं.

बाटलीचंही गणित करून बघा. १० मिलीच्या बाटलीत १,००० युनिट असतात. दिवसाला दोन युनिट लागणाऱ्या मांजराला चार आठवड्यांत ५६ पुरतात, आणि कंपन्या साधारण तेवढ्या मुदतीतच उघडलेली बाटली संपवायला सांगतात. ३ मिलीची कार्ट्रिज किंवा पेन परवडेल का, हे डॉक्टरांना विचारा. एकाच युनिटच्या टप्प्याने चालणारं पेन मात्र अर्ध्या युनिटचा डोस देऊ शकत नाही.

साठवण हा आपल्याकडचा खास प्रश्न. बुलढाणा शहर डोंगरावर, ६०० मीटरहून जास्त उंचीवर आहे, म्हणून बरं. घाट उतरून मलकापूर, खामगाव, जळगाव जामोदकडे आलं की मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि वीज जाते ती वेगळीच. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्या. वीज बराच वेळ गेली तर बाटली बंद पिशवीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. फ्रीजइतका गारवा मिळत नाही, पण बाहेरच्या उन्हाळ्यापासून बचाव होतो.

साखर उतरली तर?

वाढलेली साखर हळूहळू मारते, उतरलेली तासाभरात. ६० च्या खाली गेली की मांजर झिंगल्यासारखं चालतं, डोळे विस्फारतं, थरथरतं, आणि मग झटके येतात. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा घट्ट साखरपाणी बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर बोट दातांमध्ये घालू नका, हिरडीच्या बाहेरच्या बाजूने चोळा. आणि डॉक्टरांना फोन करा.

अशी वेळ बहुतेक तीन कारणांनी येते. मांजर जेवलं नाही आणि तरी पूर्ण डोस दिला. सकाळी आईने दिला होता, तोच पुन्हा दादाने दिला. किंवा डॉक्टरांना न सांगता अचानक दूध-पोळी बंद करून कमी कर्बोदकांचं खाद्य सुरू केलं. तिसरं कारण सर्वात फसवं आहे, कारण त्यात माणूस चांगलंच करायला गेलेला असतो. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही घटते, कधी कधी फार झपाट्याने. म्हणून इन्सुलिन चालू असताना खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगूनच, आणि त्या दिवसांत साखर वारंवार तपासायची. दुसऱ्या कारणावर उपाय सोपा आहे. फ्रीजवर कागद चिकटवा, डोस दिला की खूण करा. शंका असेल तर दुसऱ्यांदा देऊ नका. एक डोस चुकल्याने मांजर मरत नाही.

याच कारणाने इन्सुलिनवरचं मांजर दिवसभर गावभर सोडता येत नाही. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. त्यांनी प्रेमाने दिलेली बशीभर दुधाची साय तुमचा सगळा हिशेब बिघडवते.

घरी तपासणी आणि जिल्ह्यातली सोय

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब मिळतो. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण मांजराच्या रक्तात तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणून दरवेळी तेच यंत्र वापरा आणि आकड्यांची वही डॉक्टरांना दाखवा. त्या आकड्यांवरून डोस स्वतः वाढवू नका.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजची गर्दी गाई, म्हशी आणि शेळ्यांची असते. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकंही मुख्यतः पशुधनासाठी आहेत. तरी पहिली तपासणी तिथे होऊ शकते. लघवीतली साखर आणि कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, त्या सोबत न्या. पुढच्या उपचारांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था सर्वात जवळची. खामगावहून ती साधारण ५० किलोमीटरवर आहे. उलट्या, खाणं बंद, मांजर निपचित आणि लघवीत कीटोन, असं असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका. ही कीटोअ‍ॅसिडोसिसची अवस्था आहे. तिला सलाईन आणि दवाखानाच लागतो.

घरातल्या माणसाच्या शुगरच्या गोळीचा तुकडा मांजराला देऊ नका. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची गोळी आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचं द्रव औषध मंजूर झालं. ही औषधं आधी इन्सुलिन न घेतलेल्या, निवडक मांजरांसाठीच आहेत. त्यांच्यामुळे रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. त्यांची नावं माणसांच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारखी वाटतात, म्हणून घरच्या डब्यातली गोळी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड हेही मांजरावर आजमावू नका.

इन्सुलिन बंद होऊ शकतं?

काही मांजरांचं होतं, आणि बहुधा उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत. निदान लवकर झालेलं असणं, कर्बोदकं कमी केलेली असणं आणि साखर सुरुवातीपासून आटोक्यात ठेवलेली असणं, या गोष्टी मदत करतात. पण स्वादुपिंडाची झीज पूर्ण भरून निघत नाही. दूध-पोळी परत सुरू झाली किंवा कशासाठी तरी स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं गेलं, तर आजार परततो. त्यामुळे नव्या डॉक्टरकडे गेलात, अगदी साध्या खरजेसाठी गेलात, तरी पहिलं वाक्य 'याला शुगर होती' हेच असू द्या.

इन्सुलिन बंद झाल्यावरही महिन्यातून एकदा लघवीची पट्टी आणि आठवड्यातून एकदा वजन बघायचं. वेगळा काटा लागत नाही. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग त्याला खाली ठेवून पुन्हा एकदा उभं राहा, आणि दोन्हींतला फरक वहीत लिहा.